सुखाचा वाटा

सुखाला रशियन भाषेत 'श्चास्त्ये' म्हणतात. उच्चाराने परका वाटणारा हा शब्द उकलून पाहिला असता त्याचे नाते थेट आपल्या भाषाकुळाशी जुळते. त्यातील 'चास्त्' म्हणजे भाग, वाटा. आरंभीचा 'स्' पुढील 'च'मध्ये मिसळून गेला आहे. तो संस्कृत 'सु' या उपसर्गाचा सगोत्र असल्याचे अनेक भाषापंडित मानतात. निरोगी या अर्थाच्या 'झ्दोरोवी' या रशियन शब्दाची फोडही ते 'सु' आणि 'दारु', म्हणजे चांगल्या लाकडाचा, अशीच करतात. श्चास्त्ये म्हणजे, या मताप्रमाणे, चांगला वाटा. काही पंडित त्या 'स्'चा अर्थ 'सह' असा घेतात. वाटा मात्र दोन्ही पक्षी कायम राहतो. आपल्याकडेही 'भाग', 'भाग्य' आणि 'सौभाग्य' हे शब्द एकाच मुळातून आले.

रशियन शेतकऱ्याच्या लेखी वाटा ही नुसती कल्पना नव्हती. मध्य रशियातील ग्रामसमाज वेळोवेळी जमिनीच्या पट्ट्यांची घरोघर फेरवाटणी करीत असे. हिस्सा आणि नशीब या दोहोंसाठी शेतकऱ्यापाशी 'दोल्या' हा एकच शब्द होता. १८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने जमीनदारांच्या दोन कोटींहून अधिक भूदासांना मुक्त केले. परंतु मिळालेल्या जमिनीचे मूल्य त्यांनी ४९ वर्षे हप्त्यांनी फेडावयाचे होते. शिवाय पुष्कळ ठिकाणी पूर्वी कसलेल्या जमिनीचा काही अंश जमीनदाराकडेच राहिला. स्वातंत्र्य आले, पण वाटा घटला.

याच काळात कवी निकोलाय नेक्रासोव यांनी एक दीर्घ काव्य हाती घेतले. रशियात सुखी कोण, याचा शोध घेत सात शेतकरी गावोगाव हिंडतात, अशी त्याची कथा. १८७८ च्या आरंभी कवीचे निधन झाले, तेव्हा ते काव्य अपुरेच होते. हप्त्यांचे ओझे शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरावयास १९०७ साल उजाडले.

आज श्चास्त्ये म्हणताच रशियन माणसास मनाचा आनंद आठवतो. शब्दाच्या पोटात मात्र जुना वाटा अद्याप आहे. मराठी माणूसही 'सुख वाट्याला आले' असे म्हणतो, तेव्हा नकळत तेच बोलून जातो. आणि वाटा म्हटला की वाटणी आली. ती न्यायाने झाली काय, हा प्रश्नही आलाच.