जाळीचीं घरें आणि हवेचें गणित

इ. स. १९२८ मध्यें हिंदी हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि शिवाजीनगरांतील त्याच्या इमारतीस पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणूं लागले. त्यापूर्वीं सहा वर्षें, लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाचा हवेचें भाकित गणितानें वर्तविण्याविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. वातावरणाचीं अवकल समीकरणें सरळ सुटत नाहींत. म्हणून भूप्रदेशावर रेषांची जाळी कल्पावी आणि प्रत्येक घराचा हिशेब अंकगणितानें करावा, ही त्याची रीत. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी हांकीत असतां त्यानें २० मे १९१० या दिवसाचा असा हिशेब हातानें केला. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबार वाढावा, असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता.

हा दोष मुख्यतः आरंभीच्या नोंदींतील असमतोलाचा होता. जाळीमुळें पडणारी चूक निराळी. ती ओळखण्याची युक्ति त्यानेंच १९११ च्या, दगडी धरणांतील ताणांवरील निबंधांत दाखविली होती. एकच उदाहरण मोठ्या घरांच्या आणि निम्म्या घरांच्या जाळीवर सोडवावें. या रीतींत घर निम्में होतांच चूक चौथाईवर येते. म्हणून दोन उत्तरांतील अंतराचा तिसरा हिस्सा, ती बारीक जाळींत उरलेली चूक. खरें उत्तर ठाऊक नसतांही चुकीचें माप हातीं आलें.

परंतु लांबी, रुंदी व काळ तिन्ही निम्मीं केलीं, कीं श्रम आठपट होतात. १९८४ मध्यें मार्शा बर्जर व जोसेफ ओलिगर यांनीं याच कसोटीनें, जेथें चूक मोठी तेथेंच जाळी आपोआप बारीक करण्याची पद्धति मांडली.

सह्याद्रीच्या पायथ्याशीं याचें मर्म सहज कळतें. लोणावळा पुण्यापासून सुमारें ६५ किलोमीटर. पण तेथील पाऊस कितीतरी पट. पुण्यांतील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें घडविलेली व २६ मे २०२५ रोजीं देशास अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ १२ किलोमीटरऐवजीं ६ किलोमीटरचीं घरें मांडते. तिची जाळी चूक पाहून बदलणारी नव्हे. तरी या अंतरांत पांच घरांच्या जागीं दहा घरें बसतात.

घर लहान झालें म्हणून नोंदींतील दोष नाहींसा होत नाहीं. खडकवासल्याचें पाणी मुठेंत सोडण्याची वेळ येते, तेव्हां कांठच्या वस्तीस पावसाच्या आंकड्याइतकीच त्याच्या संभाव्य चुकीची माहिती मोलाची असते. चूक मोजूं लागल्यावरच भाकिताचें शास्त्र झालें.