व्हॅन गॉगची सुगी

थोर पुरुषाचें चरित्र शेवटाकडून वाचण्याची एक खोड आपणां सर्वांस असते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या बाबतींत तर ती फारच बळावली आहे. १८८८ च्या डिसेंबरांत त्यानें आपला कान कापून घेतला व १८९० च्या जुलैंत गोळीच्या जखमेनें त्याचा अंत झाला, एवढें कळलें कीं प्रेक्षकास त्याच्या प्रत्येक पिवळ्या रंगांत वेडाची छटा दिसूं लागते. ही समजूत कितपत टिकते हें पाहण्यास त्याचें 'सुगी' हें चित्र आम्ही पुढें ठेवतों. तें १८८८ च्या जूनमधील असून सध्यां अॅमस्टरडॅम येथें त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे.

दक्षिण फ्रान्समधील आर्ल गांवाजवळचें क्रोचें मैदान हा त्याचा विषय. मध्यभागीं एक निळी गाडी उभी आहे. तिच्या भोंवतीं पिकल्या गव्हाचीं शेतें, कुंपणें, गंजी आणि घरें दूरवर पसरलीं आहेत. डावीकडे मोंमाजूरच्या पडक्या मठाची टेकडी व क्षितिजावर आल्पीयचे निळसर डोंगर दिसतात. माणसें इवलींशीं आहेत, पण आपापल्या कामांत गढलेलीं. आक्रोशाचा येथें मागमूसही नाहीं.

चित्र झपाट्यानें रंगविलें गेलें, हें खरें. त्या दिवसांत तो भर उन्हांत शेतांत काम करीत होता व अखेर मुसळधार पावसानें त्यास थांबविलें. परंतु याच देखाव्याचीं दोन मोठीं रेखाचित्रें त्यानें जलरंग भरून आधींच तयार केलीं होतीं. आपलीं चित्रें हाताबाहेर घाईनें उतरलीं तरी त्यांचें गणित फार आधीं मांडलेलें असतें, असें त्यानें थिओ या आपल्या भावास कळविलें. आणि तीं घाईनें काढलीं असें कोणी म्हटल्यास, तुम्हींच तीं घाईनें पाहिलीं, असें उत्तर द्यावें असेंही सुचविलें. आपल्या इतर चित्रांस हें चित्र पार फिकें पाडतें, हा अभिप्रायही त्याचाच.

'उत्तर-दृक्प्रत्ययवादी' हें नांव रॉजर फ्रायनें लंडनच्या प्रदर्शनासाठीं योजिलें तें १९१० सालीं. तोंपर्यंत चित्रकारास जाऊन वीस वर्षें झालीं होतीं. नांव मागाहून आलें, तशीच वेडाची आख्यायिकाही मागाहून आली. इतिहासाच्या अभ्यासकानें मागाहून आलेलें आधीं घडलेल्यावर लादूं नये. जूनमधील त्या शेतांत डिसेंबर अद्याप उगवलेला नव्हता. तेथें होता तो केवळ एक कष्टाळू कारागीर, कापणी करणाऱ्यांइतकाच आपल्या कामांत गढलेला.