दिवाणखान्यातली लक्ष्मी

आजोळचा वाडा विकला त्या वर्षी दिवाणखान्यातल्या तसबिरी उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. बैठकीवर बसलेल्यांना नीट दिसाव्यात म्हणून त्या उंचावर, पुढे झुकवून टांगलेल्या होत्या. नाना फडणवीस निघाले, ते मी मुकाट्याने वर्तमानपत्रात गुंडाळले. लक्ष्मीपाशी मात्र मामा म्हणाला, “ती बांधू नकोस. न्यायची की विसर्जन करायचं, ते आधी ठरवू.”

हा पेच छापील चित्रांनी आणला. तोवर देव देवघरात, मूर्तीच्या नाहीतर टाकाच्या रूपात. आणि भिंतीवरची चित्रं ही सरदार-सावकारांची चैन. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चित्रशाळा काढली आणि साध्या घरालाही चित्र निवडता येऊ लागलं. तिथे देवादिकांबरोबर नाना फडणवीसही छापले गेले. पेशवाई बुडून साठ वर्षं झालेली. नानांची तसबीर लावणं म्हणजे आल्यागेल्याला न बोलता काही सांगणंच होतं.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४चा, मुंबईतला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर रंगामागून रंग, आणि वर तैलचित्राची झाक आणणारं वॉर्निश. विकत आणलेल्या चित्रावर बायका पुन्हा जर-टिकल्या शिवत. आमच्या लक्ष्मीच्या पदरावरची जर पणजीच्या हातची.

या छापांना ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाकं मुरडली गेली. मीही मुरडली आहेत. पण आम्ही चित्र पाहत होतो, भिंत नाही. देवघरात सोवळ्याशिवाय प्रवेश नव्हता. दिवाणखान्यात कारकून, व्यापारी, कुळं येऊन बसत, आणि ज्यांना आमची देवघरातली देवी कधीच दिसली नसती त्यांना ही समोर दिसे. अर्थात, ज्यांना दिंडीदरवाजाबाहेरच थांबवलं जाई, त्यांना हीदेखील नाही. आजोळच्या आठवणी सांगताना हे वाक्य आम्ही नेहमी गाळतो.

विसर्जन झालं नाही. लक्ष्मी माझ्याकडे आली. बायको म्हणाली, देवघरात जागा नाही. म्हणून हॉलमध्ये सोफ्याच्या मागे, डोळ्यांच्या रेषेत, सरळ लावली आहे. लक्ष्मीपूजनाला फ्रेमला हार चढतो. एरवी पाहुणे तिच्याकडे पाठ करून बसतात.