कॉक बंद होईपर्यंत

दादर पूर्व, हिंदू कॉलनी. प्लेगनंतर 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेली ही वस्ती. आमची इमारत 1930च्या दशकातली. आम्ही पहिल्या मजल्यावर, काका-काकू बरोबर आमच्या डोक्यावर. 2020च्या लॉकडाउनमध्ये कामाच्या मावशी येईनाशा झाल्या, तेव्हा लेकीने काका-काकूंना भांडी धुण्याचं मशीन घेऊन दिलं.

शनिवार, रात्री 10.00
पाहुणे जेवून गेले. काकूंनी मशीन लावलं. एका फेरीला दहा-बारा लिटर पाणी लागतं. ते आत सोडणारा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो आणि वीज तुटली की पाण्याच्याच दाबाने मिटतो. पण जुन्या लोखंडी नळातली गंजाची खपली त्याच्या रबरी पडद्याखाली अडकली, तर फट राहते. खपल्या अडवायला तोंडाशी बारीक जाळी असते. ती एका कडेला फाटली होती.

11.30
भांडी धुऊन झाली, पाणी येतच राहिलं. भरून वाहिलं ते तळाच्या ट्रेमध्ये उतरलं. तिथे थर्मोकोलचा तरंगता तुकडा असतो. तो उचलला गेला, त्याने बटण दाबलं आणि पाणी उपसणारा पंप सुरू झाला. जेवढं येत होतं तेवढं पंप बाहेर टाकत होता.

12.15
त्या घरघरीने काकांना जाग आली. त्यांनी स्विच बंद केला. मध्यरात्री कुणीही तेच केलं असतं. पण घर सांभाळत होता तो पंपच. विजेशिवाय तो थांबला. खपली मात्र जागची हलली नाही.

1.00 ते 3.00
मशीन दाराच्या काठापर्यंत भरलं आणि सांडू लागलं. पूर्वी या स्वयंपाकघरांत मोरी असायची. ओटा वाढवताना ती बुजवलेली, त्यामुळे पाण्याला वाट नव्हती. उंबरठ्याने ते आत अडवलं आणि लाद्यांच्या सांध्यांतून ते खाली मुरत गेलं.

3.20
आमच्या छतावर ट्यूबलाइटभोवती ओल पसरलेली, थेंब ओट्यावर पडत होते. धावत वर जाऊन बेल वाजवली.

3.30
काकांनी पॅसेजमधला मेन स्विच पाडला. ते अगदी योग्य, कारण मशीनचा प्लग जमिनीलगत होता. आता पाणी बंद करायचं. सिलिंडरमागचा पितळी कॉक वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नव्हता. चाकी नुसतीच गरगरली, पकड लावली तर हातात आली. मग वॉचमनला उठवा, गच्चीची किल्ली शोधा. टाकीतून चार लाइनी उतरतात, कुठली कुणाची हे लिहिलेलं नाही. सगळ्याच बंद केल्या.

4.05
पाणी थांबलं. काकू थरथरत होत्या, त्यांना आधी कोरड्या खोलीत बसवलं.

4.40
धाड! आमच्या गॅसच्या शेगडीवर छताचा पाटाएवढा गिलावा कोसळला. वर सळ्या उघड्या, तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या. गंजलं की लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलतं. हे बरीच वर्षं चाललं असणार. भिजून जड झालेला थर त्या रात्री सुटला. आई पाचला चहा ठेवायला त्याच शेगडीपाशी उभी राहते.

रविवार, सकाळी 9.00
प्लंबरने व्हॉल्व्ह काढून दाखवला. नखाएवढी खपली. व्हॉल्व्ह दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. जाळीही नवी बसवली. मशीन वाकवून ट्रे रिकामा केला. सिलिंडरमागे पाव फेरीत बंद होणारा कॉक लावून तो हाताशी येईल असा बाहेर घेतला. तो काकूंनी स्वतः दोनदा फिरवून पाहिला. गच्चीतल्या लाइनींवर रंगाने खोल्यांचे नंबर टाकून घेतले.

स्लॅबचं काम एवढ्यात उरकणारं नाही. इंजिनिअर येऊन ठोकून बघून गेले. पोकळ वाजतो तेवढा भाग फोडायचा, सळ्या घासून गंजरोधक लावायचं, मग नवा थर. तोवर स्वयंपाकघरात लोखंडी टेकू आहेत आणि आमची शेगडी हॉलमध्ये.