मारिओचे चकवे: मुद्दाम ठेवलेले आणि चुकून राहिलेले

आमच्या वऱ्हाडात रात्री शेतातून येणारा माणूस वाट चुकला, फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येऊन पोचला, की म्हणतात, 'त्याले चकवा लागला.' हा शब्द मी शेतात नाही, टीव्हीसमोर पहिल्यांदा ऐकला.

२००३ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आसेगावला मामाकडे जायचो. तिथे मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ गेम'. प्रत्यक्षात दहा-बारा खेळ, तेच ते उलटून पालटून. त्यातला एक मारिओ. चौथ्या वर्ल्डच्या किल्ल्यात (४-४) मी पोचलो आणि अडकलो. पळतोय, उड्या मारतोय, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच भिंत, तोच आगीचा दांडा. वर घड्याळ उतरतंय. दादा मागून म्हणाला, "चकवा लागला बे तुले." तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगने कितीदा तरी मला त्या किल्ल्यातून सोडवलंय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा पहिला संशोधन आराखडा याच चकव्यावर उभा होता, आणि तो कोसळला. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना तो कसा कोसळला हे कळलेलं बरं.

माझा विषय आपल्याकडे विकल्या गेलेल्या नकली गेमचा इतिहास. समुराई, मीडिया, लिटिल मास्टर ही नावं तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. आराखड्यात मी ठोकून दिलं होतं: कॅसेटची नक्कल करणाऱ्यांनी खेळ लांबावा म्हणून त्यात न संपणाऱ्या लेव्हल घुसवल्या. पुरावा काय, तर माझी आठवण आणि गावातल्या काही जणांच्या मुलाखती. सगळ्यांनी एकच सांगितलं: काही लेव्हलमध्ये माणूस गोल गोल फिरतो, आणि '-१' नावाची पाण्यातली एक लेव्हल तर कधी संपतच नाही. एवढे साक्षीदार एकमुखाने बोलतायत म्हटल्यावर मला वाटलं, झालं काम. गाइड मॅडमनी आराखडा वाचला आणि एवढंच विचारलं, "मूळ प्रत पाहिलीस का?"

पाहिली नव्हती.

मूळ प्रत म्हणजे निन्टेन्डोने १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये फॅमिकॉमसाठी काढलेली 'सुपर मारिओ ब्रदर्स' ही कॅसेट. मियामोतो आणि तेझुका हे तिचे मुख्य रचनाकार. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण ३२, आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर आलेला 'सुप्रभात'चा फोटोही याहून मोठा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी ती प्रत खेळून पाहिली. ४-४ मध्ये तसाच अडकलो. म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी काही घुसवलं नव्हतं, चकवा मुळातच होता. आराखड्याचं पहिलं वाक्य तिथेच गेलं.

पण मग तो मुळात का होता? इथे नुसतं खेळून भागत नाही. सुदैवाने या खेळाचा प्रोग्राम हौशी अभ्यासकांनी ओळ न् ओळ उलगडून, टिपा घालून ठेवलाय. त्यात एक छोटं कोष्टक आहे, अकरा नोंदींचं. प्रत्येक नोंद सांगते: अमुक वर्ल्ड, अमुक ठिकाण, मारिओ अमुक उंचीवर उभा हवा. तो त्या उंचीवर, पाय टेकलेला असेल तर पुढे जाऊ द्या, नाहीतर नकाशा चार पडदे मागे सरकवा. चौथ्या वर्ल्डसाठी दोन नोंदी, सातव्यासाठी सहा, आठव्यासाठी तीन. आणि आठव्याची गंमत बघा: तिथे मागितलेली उंची पडद्याच्या तळाखालची आहे, म्हणजे मारिओ तिथे उभा राहूच शकत नाही. ८-४ मध्ये सरळ चालत गेलात तर दरवेळी मागे येणारच. योग्य त्या पाइपात शिरणं हाच मार्ग.

मला हे कोष्टक सापडलं तेव्हा जो आनंद झाला तो जुनं दप्तर चाळताना हवी ती सनद मिळाल्यासारखा होता. हेतूचा पुरावा असा असतो. कोणीतरी बसून, विचार करून, या अकरा जागा ठरवल्या होत्या. या खेळात एकदा पुढे सरकलेला पडदा एरवी डावीकडे मागे सरकत नाही, त्यामुळे सरळ रेषेत पुढे जाणाऱ्या खेळात भूलभुलैया करायचा तर हीच युक्ती उरते. जागाही स्वस्तात वाढते, नवा नकाशा साठवावा लागत नाही.

आता '-१'. मला वाटलं, यालाही बारावी नोंद असेल. नाही. कुठेच नाही.

ही लेव्हल सापडते ती १-२ च्या शेवटी. पाइपाजवळच्या विटा फोडून, बसून मागे उडी मारून मारिओला भिंतीत घुसवायचं. तो भिंतीतून सरकत पलीकडच्या वार्प झोनमध्ये निघतो. तिथल्या तीन पाइपा ४, ३ आणि २ या वर्ल्डकडे नेतात. पण पडदा पुरेसा पुढे सरकायच्या आत पाइपात शिरलात, तर हे आकडे अजून वापरातच आलेले नसतात. खेळ ४-२ मधल्या एका वार्प झोनचे आकडे उचलतो. त्या झोनमध्ये मधली एकच पाइप आहे, पाचव्या वर्ल्डची, आणि दोन्ही बाजूंना काही लिहायचं नाही म्हणून 'रिकामी जागा' भरलेली आहे. या रिकाम्या चौकटीचा खेळातला क्रमांक ३६. म्हणजे कडेच्या पाइपात शिरलात की खेळ तुम्हाला ३६ व्या वर्ल्डात पाठवतो! पडद्यावर ३६ क्रमांकाची चौकट छापली जाते, ती कोरी, म्हणून दिसतं फक्त '-१'. उणे एक असं कोणी कधी लिहिलंच नव्हतं. ते आहे '३६-१', ज्यातला ३६ दिसत नाही.

३६ वं वर्ल्ड यादीत नाहीच. खेळ यादीच्या पलीकडचं काहीतरी वाचतो आणि हाती लागते पाण्यातली लेव्हल, जी २-२ आणि ७-२ म्हणून वापरलीय. ४० किलोबाइटमध्ये बसवायचं म्हणून एकच नकाशा दोनदा. त्यामुळे शेवटच्या पाइपाजवळ नोंद अशी: वर्ल्ड दुसरं असेल तर इकडे, सातवं असेल तर तिकडे. छत्तिसाव्यासाठी काहीच नाही, म्हणून मारिओ त्याच लेव्हलच्या सुरुवातीला. पुन्हा पाइप, पुन्हा सुरुवात, वेळ संपेपर्यंत. मियामोतो यांनीही नंतर ही चूकच असल्याचं सांगितलंय.

म्हणजे खेळणाऱ्याला दोन्हीकडे अनुभव तोच, गोल गोल फिरण्याचा. पण एक चकवा मांडलेला, दुसरा जागेच्या काटकसरीतून आपोआप पडलेला. परिणामावरून हेतू ओळखता येत नाही, आणि मी तर परिणामाच्याही आठवणीवरून हेतू सांगत होतो.

मॅडमचा प्रश्न इथेही संपला नाही. "मूळ प्रत एकच आहे का?" १९८६ साली हाच खेळ फॅमिकॉमच्या डिस्कवर आला. त्यात हीच युक्ती केली तर '-१' वेगळीच निघते, १-३ चा नकाशा पाण्याखाली गेलेला. ती संपते. मग -२, मग -३, आणि त्यानंतर खेळ जिंकल्यासारखा पहिल्या पडद्यावर परततो. तोच चकवा एका प्रतीत न सुटणारा, दुसरीत सुटणारा. आपल्याकडच्या नकला कॅसेटवरून झालेल्या, म्हणून आसेगावात तो सुटत नव्हता. साक्षीदार खोटं बोलत नव्हते. ते त्यांच्या प्रतीबद्दल बोलत होते.

पाठभेद हा शब्द आपण जुन्या पोथ्यांसाठी राखून ठेवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं चालवली, शेकडो हस्तलिखितं ताडून. चकव्याशीच जुळणारं उदाहरण सांगतो. अभिमन्यूने चक्रव्यूहाची गोष्ट आईच्या पोटात ऐकली, हे आपण सगळे छातीठोकपणे सांगतो. त्या आवृत्तीच्या द्रोणपर्वात मात्र तो म्हणतो की व्यूह फोडायचं वडिलांनी शिकवलंय, संकट आलं तर बाहेर पडणं जमणार नाही. पोटातलं ऐकणं तिथे नाही. ते मागाहून जोडलं गेलं, आणि जोडलेलंच जास्त लक्षात राहिलं.

मारिओच्या जोडणीचंही तसंच. १९८६ च्याच जूनमध्ये जपानात आलेल्या दुसऱ्या भागात रचनाकारांनी विषारी मशरूम घातलं आणि पुढे नेण्याऐवजी पहिल्या वर्ल्डात परत पाठवणारा वार्प झोन ठेवला. हे सापळे उघड मुद्दाम. उलट १९९३ च्या 'ऑल-स्टार्स' आवृत्तीत जुन्या किल्ल्यांची वाट बरोबर की चूक हे सांगणारे आवाज टाकले. म्हणजे तिथे खेळलेल्या मुलाला ४-४ हा चकवा वाटेलच असं नाही.

आराखडा मी नव्याने लिहिला. 'नक्कल करणाऱ्यांनी काय बदललं' याऐवजी आता प्रश्न आहे की ही माहिती गावात पोचली कशी. अमेरिकेत 'निन्टेन्डो पॉवर' मासिकाने १९८८ मध्ये या न संपणाऱ्या पाण्याची बातमी दिली होती. आसेगावला असलं मासिक कोण आणणार? आणि भिंतीत घुसायची उडी अशी आहे की सहज खेळताना जमणं कठीण. कोणीतरी दाखवावीच लागते.

जुन्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. त्यात मी 'संपत नाही का?' हेच सगळ्यांना विचारत सुटलोय, 'कोणी शिकवलं?' हे एकदाही नाही. मग दादाला फोन लावला. तो आधी हसला. "इतक्या वर्षांनी हे कायले पायजे तुले?" मग आठवून म्हणाला, मंगरूळपीरला बाजाराच्या दिवशी एका दुकानात गेम मांडलेले असायचे, तिथे एका पोराने दाखवलं. तो पोरगा सुट्टीला आलेला, अकोल्याचा. नाव माहीत नाही.

"पण त्यानं एक सांगितलं होतं," दादा म्हणाला, "का पाणी कायी संपत नायी, पण त्याच्याकडच्या एका मोठ्या पोरानं संपवलं म्हणे."

डिस्कची गोष्ट कोणाच्या तरी तोंडून इथवर आली होती, की पोराने नुसती फेकली होती? पुढच्या आठवड्यात अकोल्याला जातोय. यावेळी प्रश्न आधी लिहून नेणार आहे.