मुंतझातील आपले घर, आपली सुरक्षा



अरबीत 'मुंतझा' म्हणजे बगीचा. ज्या पार्कला आता रौदत अल खैल म्हणतात, त्याला आपण अजून मुंतझा पार्कच म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मागे आमच्या इमारतीत एका घरी फोडणीच्या तेलाने पेट घेतला. 999 वर फोन लगेच लागला, पण पत्ता विचारल्यावर आम्ही सांगू लागलो, "पार्कच्या मागे, ग्रोसरीच्या शेजारी." सुदैवाने कढईवर ताट झाकल्याने आग विझली. तेव्हापासून मंडळातील प्रत्येक नव्या कुटुंबाला आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो: इमारतीवरच्या निळ्या पाटीवरील झोन, रस्ता आणि इमारत हे तीन क्रमांक पाठ करा. मुलांकडूनही पाठ करून घ्या.

घरात

* तेल पेटल्यास पाणी ओतू नका. गॅस बंद करा, ताट झाका, कढई उचलू नका.
* एसीमुळे आपल्या खिडक्या महिनोन्महिने बंद असतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन फोन करा.
* भारतातून आणलेल्या मिक्सरचा गोल पिनांचा प्लग इथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये काडी घालून बसवू नका. प्लग बदलून घ्या.
* सुट्टीत भारतात जाताना रेग्युलेटर, गीझर आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करा.
* 22 मार्च 2023 रोजी जवळच्या मन्सूरा भागात एक चार मजली इमारत कोसळली. मृतांमध्ये आपले भारतीय बांधवही होते. भिंतीत नवी तडा दिसली किंवा शेजारी खांब-भिंती तोडण्याचे काम सुरू झाले, तर घरमालकाला कळवा आणि नगरपालिकेच्या 184 क्रमांकावर सांगा.

रस्त्यावर

इथे वाहने उजवीकडून चालतात. थंडीत आई-बाबा येतात आणि संध्याकाळी पार्कात फिरायला निघतात. आयुष्यभराच्या सवयीने ते रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतात, आणि गाडी येते डावीकडून. पहिले दोन-तीन दिवस त्यांच्यासोबत जा. गाडी चालवताना राउंडअबाऊटवर डावीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच आत असलेल्या गाडीला वाट द्या. दहा वर्षांखालील मूल पुढच्या सीटवर नको. सप्टेंबर 2023 पासून मोबाईल आणि सीटबेल्टवर कॅमेऱ्यांची नजर आहे. दंड 500 रियाल.

सप्टेंबर 2022 मध्ये अल वक्रा येथे चार वर्षांची एक भारतीय मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली. बस बंद करून माणसे निघून गेली आणि त्या उष्म्यात तिचा जीव गेला. म्हणून मूल शाळेत पोहोचल्याचा निरोप रोज मागा. निरोप आला नाही तर लगेच फोन करा, संकोच करू नका. आपल्या गाडीतही "दोनच मिनिटांत येते" म्हणून मुलाला ठेवू नका.

कामावर

1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. साईटवर असणाऱ्या आपल्या इंजिनिअर, सुपरवायझर मंडळींनी हे हाताखालच्या कामगारांसाठीही पाळावे. एखादा असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 999 ला कळवा.

फोनवर आणि इंटरनेटवर

पार्सल अडकले आहे, आयडी बंद होणार आहे असे सांगून ओटीपी मागणारा माणूस सरकारी नसतो. फोन ठेवा आणि बँकेला कळवा. गावी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांनाही सांगून ठेवा की 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसले तरी पैसे पाठवायचे नाहीत, आधी आपल्याला फोन करायचा. अपघाताचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. इथे तो गुन्हा ठरू शकतो.

फ्रिजवर लावायचा कागद

* पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका: 999
* वीज-पाणी (कहरमा): 991
* नगरपालिका: 184
* आपल्या निळ्या पाटीचे तीन क्रमांक
* जवळच्या एका मराठी घराचा फोन

शेवटची ओळ रिकामी असेल, तर येत्या कार्यक्रमात आम्हाला भेटा. आपण ती मिळून भरू.