द्रुतगती कंटेनर-जाळे
एकाच संगणकावर परस्परांपासून अलग ठेवून चालविल्या जाणाऱ्या आज्ञावलींना संदेशांची देवघेव अत्यल्प विलंबाने व मोठ्या प्रमाणावर करता यावी, याकरिता उभारलेली संदेशवहन-व्यवस्था. आज्ञावली व तिला लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधून ती कोठेही तशीच चालविता यावी, अशा बंदिस्त योजनेस मालवाहतुकीच्या पोलादी पेटीवरून कंटेनर हे नाव पडले. आभासी यंत्रात प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र परिचालन प्रणाली दिलेली असते. याउलट एका संगणकावरील सर्व कंटेनर एकाच परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सामाईकपणे वापरतात. त्यामुळे कंटेनर हलका असतो व अल्पावधीत सुरू होतो. तथापि अलगतेची भिंत उभारताना संदेशाच्या मार्गात जे अधिक टप्पे पडतात, त्यांची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. या शाखेचा इतिहास हा मुख्यत्वे हे टप्पे कमी करण्याचा आणि तसे करताना वाहतुकीवरील देखरेख कोणाकडे राहावी, हे ठरविण्याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीच्या काळात (1979) एखाद्या आज्ञावलीस फाइलींच्या ठराविक शाखेपुरतेच पाहता येईल, अशी सोय करण्यात आली. तिच्यात जाळ्याची विभागणी नव्हती. 2000 साली फ्रीबीएसडी प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत पॉल-हेनिंग काम्प यांनी रचलेली ‘जेल’ ही योजना आली. तीत प्रत्येक कोठडीस स्वतःचा जाळे-पत्ता नेमून देता येई. लिनक्स कर्नेलच्या जानेवारी 2008 मधील आवृत्तीत जाळ्याचे स्वतंत्र नामावकाश समाविष्ट होऊ लागले. त्यांमुळे प्रत्येक कंटेनरला स्वतःची संलग्नके, मार्गतक्ते व नियम मिळाले. दोन नामावकाश जोडणारी आभासी तारेची जोडी आणि साधनसामग्रीच्या वाटपावर मर्यादा घालणारी यंत्रणाही याच आवृत्तीत आली.

मार्च 2013 मध्ये डॉकर ही आज्ञावली प्रसिद्ध झाली आणि कंटेनरचा प्रसार झपाट्याने झाला. तिच्या मूळ मांडणीत कंटेनरमधून निघालेले पॅकेट आभासी तारेवरून कर्नेलमधील सेतूवर येते, तेथे त्याचा पत्ता बदलला जातो आणि मगच ते प्रत्यक्ष जाळ्यावर जाते. ही मांडणी सोपी असल्याने सर्वत्र चालली. परंतु आय. बी. एम. च्या ऑस्टिन येथील संशोधकांनी 2014 साली केलेल्या मापनात, प्रक्रियक व स्मृती यांच्या बाबतीत कंटेनरची कामगिरी मूळ यंत्राच्या जवळपास असली, तरी पत्तेबदलामुळे संदेशाच्या फेरीस लागणारा वेळ सु. दुप्पट होतो, असे आढळून आले. भार गणनेवर नसून वाटेवर आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

अनेक संगणकांवरील जाळे : 2014 साली गूगल कंपनीने कूबरनेटीस ही कंटेनरांच्या समूहाचे नियोजन करणारी प्रणाली खुली केली. तिच्या जाळ्याचा मूलभूत नियम असा की, कंटेनरांच्या प्रत्येक गटास स्वतःचा पत्ता असावा व गटांना एकमेकांशी पत्तेबदलाविना बोलता यावे. याकरिता अनेक ठिकाणी एका पॅकेटात दुसरे पॅकेट गुंडाळून पाठविण्याची पद्धती स्वीकारली गेली. तिचे व्हीएक्सलॅन हे प्रकटन ऑगस्ट 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत 4,094 आभासी जाळी शक्य होती; नव्या पद्धतीत 24 बिटांचा ओळखक्रमांक असल्याने ती सु. 1 कोटी 67 लक्ष शक्य झाली. मात्र प्रत्येक पॅकेटामागे साधारण 50 बाइटांचे ओझे वाढले. नेहमीच्या 1,500 बाइटांच्या मर्यादेतून हे ओझे वजा न केल्यास लहान संदेश पोहोचतात व मोठे वाटेतच नाहीसे होतात. हा दोष ओळखण्यास कठीण असतो.

वेगाचे गणित : सेकंदाला 10 गिगाबिट वेगाच्या ईथरनेटचे प्रमाणक 2002 मध्ये संमत झाले. अशा तारेवरून 64 बाइटांची सर्वांत लहान पॅकेटे सेकंदाला 1 कोटी 48 लक्ष 80 हजार इतकी येऊ शकतात. म्हणजे प्रत्येकासाठी 67.2 नॅनोसेकंद मिळतात. 3 गिगाहर्ट्‌झ प्रक्रियकाची ही जेमतेम 200 चक्रे होत. मुख्य स्मृतीतून एक नोंद आणण्यासही पुष्कळदा इतका वेळ लागतो. 2010 मध्ये 100 गिगाबिटचे प्रमाणक आले आणि हा अवधी 6.7 नॅनोसेकंदांवर आला. दर पॅकेटास व्यत्यय-संकेत, स्मृतीतील नक्कल व नियमांची लांब साखळी हे सोपस्कार या अवधीत बसणे अशक्य होते. 2012 साली दूरसंचार कंपन्यांनी आपली खास यंत्रे सोडून त्यांची कामे सामान्य संगणकांवर आणण्याचा संकल्प जाहीर केल्याने हा प्रश्न निकडीचा झाला.

कर्नेलला वळसा : यावर दोन उपाय पुढे आले. पहिला जाळे-कार्डातच विभागणी करण्याचा. 2007 साली प्रमाणित झालेल्या एसआर-आयओव्ही या पद्धतीने एक कार्ड अनेक आभासी कार्डांसारखे वागते व त्यांपैकी एक थेट कंटेनरला देता येते. दुसरा उपाय इंटेल कंपनीने 2010 मध्ये पुढे आणलेल्या डीपीडीके या साधनसंचाचा. यात आज्ञावली व्यत्यय-संकेताची वाट न पाहता कार्डाकडे अखंड विचारणा करते व पॅकेटे स्वतःच उचलते. दोहोंनी वेग वाढला, पण त्याचे मोल लहान नव्हते. अखंड विचारणेमुळे वाहतूक नसतानाही प्रक्रियकाचा एक गाभा पूर्णपणे अडकून राहतो. कर्नेलमधील संरक्षक नियम, गणना व तपासणी यांना ही वाहतूक दिसत नाही. कार्डाशी बांधलेला कंटेनर एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविणेही अवघड होते. वळसा घातला तो पहारेकऱ्यालाही, असा याचा अर्थ झाला.

कर्नेलमधील उपाय : उलट दिशेचा विचार जुन्या मुळातून आला. 1992 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन व व्हॅन जेकबसन यांनी पॅकेटे गाळणारे एक लहान आभासी यंत्र कर्नेलमध्येच बसविण्याची पद्धती मांडली होती. 2014 मध्ये अलेक्सी स्टारोव्होइटोव्ह यांच्या कार्यातून तिचे विस्तृत रूप, ईबीपीएफ, लिनक्समध्ये आले. वापरकर्त्याची आज्ञावली कर्नेलमध्ये चालविण्यापूर्वी एक पडताळक ती सुरक्षित असल्याची खात्री करतो. 2016 मध्ये आलेल्या एक्सडीपी या सोयीने अशी आज्ञावली पॅकेट पोहोचताच, पुढील सर्व सोपस्कारांपूर्वी, चालविता येऊ लागली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात एका गाभ्यावर सेकंदाला 2 कोटी 40 लक्ष पॅकेटांपर्यंत मजल गेल्याचे नमूद आहे. डीपीडीकेचा वेग याहून अधिक भरला. परंतु येथे देखरेख कर्नेलकडेच राहिली. सिलियमसारख्या प्रकल्पांनी याच पायावर कंटेनरांचे जाळे उभारले व नियमांच्या साखळीऐवजी थेट शोधता येणाऱ्या सारण्या वापरल्या. पडताळकातही पुढे दोष सापडले. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास ही सोय मुळात बंद ठेवण्याचा प्रघात अनेक लिनक्स वितरणांत पडला.

उभारणी : प्रत्यक्षात बहुधा मिश्र मांडणी करतात. कंटेनरला दोन संलग्नके दिली जातात : नियंत्रण व देखरेख यांकरिता सामान्य जाळ्याचे आणि भारी वाहतुकीकरिता थेट कार्डाचे. प्रक्रियकाचे ठराविक गाभे त्या कामासाठी राखून ठेवतात, स्मृती मोठ्या पृष्ठांत विभागतात आणि कार्ड, स्मृती व गाभा एकाच प्रक्रियकाच्या निकट असतील अशी दक्षता घेतात. अन्यथा कमावलेला वेग आतल्या आत खर्ची पडतो. बहुसंख्य आज्ञावलींना मात्र इतक्या वेगाची गरज नसते व त्यांना साधा सेतू पुरतो. यास्तव प्रथम मापन करावे, विलंब कोणत्या टप्प्यावर होतो ते पाहावे आणि तेवढाच टप्पा काढावा, हे या इतिहासाचे व्यावहारिक सार होय. काढलेला प्रत्येक टप्पा कोणते तरी संरक्षण करीत होता; ते काम पुढे कोण करणार, याचे उत्तर हाती असल्याखेरीज वाढलेला वेग हा लाभ ठरत नाही.